शेऱ्याचा रकाना

मंगळवार, ३ सप्टेंबर

लूप म्हणजे काय, हे आईला कसं सांगायचं? मला सांगता येत नाही. आज जेवताना तिने विचारलं, "रोज संध्याकाळी त्या वाचनालयाच्या माडीवर जाऊन शिकतेस तरी काय?" आणि मी घास हातात धरून तशीच बसले. पदवी आहे, पण आईला कळेल असं एक वाक्य नाही.

शेवटी म्हणाले, "संगणकाने एक प्रश्न विचारायचा आणि हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचं."

"हात्तिच्या. तू लहान होतीस तेव्हा मी तेच करायचे. हात धुतलेस? हात धुतलेस? हो म्हणेपर्यंत ताटावर बसू देत नव्हते."

"म्हणजे तुला प्रोग्रामिंग येतं."

"येतं की. आणि तू न धुताच हो म्हणायचीस."

बाबांना हसताना ठसका लागला. मग म्हणाले, "पदवीधर, लिहून ठेव हे. आईचा पहिला धडा." म्हणून लिहिते आहे. ही वहीही त्यांनीच दिली, नोकरी लागली त्या दिवशी. ते स्वतः बावीस वर्षं धुलाई कारखान्यात बॉयलर सांभाळतात, रोज दर तासाला वहीत आकडे लिहितात. त्यांच्या मते ज्याच्याकडे काम आहे त्याच्याकडे वही हवीच. मी त्याच कारखान्याच्या कार्यालयात कारकून म्हणून लागले, त्याला आता दोन महिने झाले. आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर दोन चौकटी आहेत, बाबांचा बॉयलरचा परवाना आणि माझी पदवी. माझी नवी म्हणून तिची काच जास्त चमकते. बाबा दोन्ही पुसतात, पण माझी आधी.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

आजचा अभ्यास: वापरणाऱ्याला वय विचारा. शून्यापेक्षा कमी किंवा एकशे वीसपेक्षा जास्त आलं तर 'चूक, पुन्हा टाका' म्हणा आणि परत विचारा. बरोबर आलं की 'धन्यवाद' म्हणून पुढे जा.

आमचे मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. संगणक शिकवतानाही त्यांच्या बोटांना खडू लागलेला असतो, कुठून लागतो कोण जाणे. ते म्हणाले, "चुकीची माहिती दारातच अडवा. एकदा घरात शिरली की ती लांबच्या पाहुण्यासारखी राहते. हलत नाही, आणि चहाही मागते."

मी उणे पाच टाकलं, चारशे टाकलं. दर वेळी तोच शांत नकार. काय सुंदर गोष्ट आहे ही. न चिडता, न दमता, ओळखपाळख न बघता खोट्याला नाही म्हणणारं काहीतरी. दवाखान्यात, कचेऱ्यांत, सगळीकडे दाराशी अशा चार ओळी उभ्या केल्या तर जगातला अर्धा गोंधळ आत येणारच नाही. हे मी घरी बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, "आणि उरलेला अर्धा?" मी म्हणाले, त्याला पुढचा धडा.

बुधवार, ११ सप्टेंबर

साहेबांनी बॉयलरची वही कार्यालयात मागवली होती. तिला सगळे 'जाडी' म्हणतात. नोव्हेंबरमध्ये बॉयलर निरीक्षक तपासणीला येणार, आणि साहेबांना तिची लाज वाटते. पानांना काजळीचे अंगठे, पेन्सिलचं अक्षर, कडेला तेलाचे डाग. "हे रेकॉर्ड आहे की धोब्याचा हिशेब?" म्हणाले. मग आपण धोबीच आहोत हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण लगेच खोकले.

मी ती दुपारी चाळली. पाच रकाने: वेळ, वाफेचा दाब, पाण्याची पातळी, धुराड्याचं तापमान, आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बाबांचं अक्षर बारीक होत होत समासाबाहेर गेलेलं. 'पंप कण्हतोय.' 'ज्योत पिवळी. हवा वाढवली. मग बरी.' 'आज आवाज बरा नाही.' एकदा नुसतंच, 'लक्ष ठेवा.'

मला हसू आलं आणि थोडं कसंतरीही झालं. आवाज बरा नाही हे कुठल्या चौकटीत बसवणार? मी साहेबांना म्हणाले, मी यासाठी प्रोग्राम करते. बॉयलरच्या खोलीत एक संगणक ठेवू, तासाला आकडे टाकायचे, आठवड्याला स्वच्छ छापील तक्ता. साहेबांनी मला पहिल्यांदाच बसायला सांगितलं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

बाबांकडून हद्दी लिहून घेतल्या. दाब इतका ते इतका, पाणी काचेत निम्म्याच्या वर. धुराड्याचं विचारलं तेव्हा म्हणाले, "एकशे ऐंशी ते अडीचशे."

"अडीचशेच्या वर गेलं तर?"

"तर चुकलं समजायचं."

मी लिहिलं: २५० पेक्षा जास्त, चूक.

शेऱ्याचा रकाना मी घेतला नाही. मोजता येत नाही अशा गोष्टीला तक्त्यात जागा नको. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं. तू शिकलेली." यात टोमणा नव्हता. मी नीट बघितलं, नव्हताच.

मंगळवार, १७ सप्टेंबर

आज सुरू झालं. संगणक बॉयलरच्या खोलीत, दाराजवळच्या टेबलावर, प्लास्टिकच्या टोपीखाली; त्यात टाकलेला आकडा तारेने वर कार्यालयात माझ्या पडद्यावर येतो. बाबांनी कळफलकाला हात लावण्याआधी साबणाने हात धुतले, अगदी कोपरापर्यंत, आणि मग एका बोटाने आकडे टाकले. दोन. दोन. सहा. पडद्यावर 'धन्यवाद' उमटलं तेव्हा त्यांनी पडद्याला मान लववली. मी तोंड फिरवलं, हसू आणि रडू एकदमच येत होतं.

दुसऱ्या पाळीला शिट्टीकाका असतात. बॉयलरला वाफ चढली की ते जिभेने तिच्यासारखीच शिट्टी घालतात, म्हणून हे नाव. रात्री कारखाना बंद झाला की घरी जाताना बॉयलर चालू करायच्या पॅनेलची किल्ली ते आमच्या दाराच्या खिळ्याला अडकवतात आणि एक शिट्टी देतात. बाबा सकाळी ती घेऊन सहाला जातात. मी लहानपणापासून त्या शिट्टीवर झोपत आले.

त्यांना प्रोग्राम शिकवला. त्यांनी मुद्दाम नऊशे टाकलं, मग पाच, मग २२०. म्हणाले, "बाईसाहेब, तुमची पेटी फार सुस्वभावी आहे."

"का हो काका?"

"रागवत नाही, हात उगारत नाही. आपण शहाण्यासारखं बोललो की सोडते."

बुधवार, २५ सप्टेंबर

पहिला छापील तक्ता. एकही खाडाखोड नाही. साहेबांनी तो काचेखाली ठेवला. तपासणी नीट पार पडली की माझी जागा कायम होईल असं म्हणाले. जाडी आता नको, ती अडगळीत टाका, हेही म्हणाले. बाबा म्हणाले, मी ठेवतो कुठेतरी.

बुधवार, २ ऑक्टोबर

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "तुझं यंत्र चूक म्हणतं, तेव्हा ती कोणाची?"

"टाकणाऱ्याची. आकडा वाचताना चुकतो, नाहीतर बोट चुकतं. पुन्हा बघायचं आणि नीट टाकायचं."

"आणि पुन्हा चूक म्हणालं तर?"

"तर पुन्हा. बरोबर येईपर्यंत. तोच तर लूप."

"बरं," म्हणाले. अर्धं जेवण ताटात ठेवून उठले. आई म्हणाली, उष्णतेने भूक मरते, त्या खोलीची हल्ली भट्टी झालीय.

सोमवार, ७ ऑक्टोबर

बाबा कामाच्या वेळात सुट्टी घेऊन डोळे तपासायला गेले. बावीस वर्षांत त्यांनी तापातही सुट्टी घेतली नाही. डॉक्टर म्हणाले, नंबर तोच आहे, चष्माही ठीक आहे. बाबा काही खूश दिसले नाहीत. "नक्की ना, परत बघा," असं दोनदा म्हणाले, असं आईने सांगितलं. बरोबर गेली होती ती. "म्हातारा होतोय हे मान्य करायचं नाही, आणि नाही झाला म्हटलं तर तेही पटत नाही," ती म्हणाली.

गुरुवार, १० ऑक्टोबर

साहेबांच्या खोलीत तक्ते लावत होते तेव्हा बाबा आले. टोपी हातात.

"धुराड्याचा काटा बदलायला हवा, साहेब. जुना झालाय. मला भरवसा वाटत नाही."

साहेबांनी काचेखालचा तक्ता फिरवून त्यांच्यापुढे केला. "हे बघा. दोनशे सत्तेचाळीस, दोनशे पन्नास, दोनशे पन्नास. काटा तर छान चाललाय. तुमच्याच मुलीचं काम आहे हे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी हसले. मग तक्त्यावरचा एकेक आकडा वाचला आणि "बरं आहे" म्हणून गेले.

मला खरं तर अभिमान वाटला. पूर्वी असा वाद झाला असता तर ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं. आता कागद बोलतो.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

वर्गात स्वतःचं काम आणून दाखवायचं होतं. मी धुराड्याच्या तापमानाचा आलेख नेला. पहिले दोन आठवडे हळूहळू चढणारी रेघ आणि मग सपाट, पाटीवर पट्टीने ओढल्यासारखी. बाबांच्या पाळीत २५०, शिट्टीकाकांच्या पाळीत २२०. रोज. मी म्हणाले, बघा, किती स्थिर.

मास्तरांनी कागद उजेडाकडे धरला. "दुपारी दोनला पाळी बदलते का?"

"हो. कसं ओळखलंत?"

"दोनला तीस अंश उतरतात." मग कागद खाली ठेवत, "एवढं सरळ या जगात काही नसतं, पोरी. मेलेल्या माणसाची नाडी सोडून."

वर्ग हसला. मला राग आला. त्यांना उपकरणं माहीत नाहीत, खडूच माहीत आहे. शिट्टीकाकांचा हात हलका आहे, आच कमी ठेवत असतील. एवढं साधं आहे.

सोमवार, २१ ऑक्टोबर

दर वर्षी ऑक्टोबरात बॉयलर आठवडाभर बंद ठेवून नळ्या साफ करतात. पाण्यातला क्षार आत बसतो, आईच्या पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो तसा. या वर्षी साहेबांनी ते काम पुढे ढकललं. तक्त्यात सगळं हद्दीत आहे, मग आठवडा कशाला घालवायचा? दोन रुग्णालयांच्या चादरी आपल्याकडे आहेत, त्यांची अडचण टळली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "भांड्याला थर चढला की खालून जळतं आणि वर पाणी तापायचं नाव नाही. मी तरी दर महिन्याला घासते." मी म्हणाले, आई, बॉयलर म्हणजे भांडं नाही. बाबा चौकटी पुसत होते. आज त्यांनी स्वतःची आधी पुसली.

शनिवार, २६ ऑक्टोबर

इस्त्रीवाल्या बायकांची टेबलं बॉयलरच्या खोलीच्या भिंतीला लागून होती. बाबांनी ती परवा पलीकडच्या खिडकीखाली हलवून घेतली. तिथे उजेड चांगला आहे म्हणाले. बायका कुरकुरल्या, तिकडे वारा येतो, चादरी उडतात. त्यांच्यातली सर्वांत मोठी, जिला सगळ्या मावशी म्हणतात, ती मला म्हणाली, "तुझ्या बापाला आताच कसा आमच्या डोळ्यांचा पुळका आला? बावीस वर्षं काय आम्ही चाचपडत इस्त्री करत होतो?"

मी विचारायला खाली गेले तर बाबा दारातच आडवे आले. मागे धुराड्याच्या बुडाशी रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले.

"काय काम आहे?"

"काही नाही, सहज."

"फोन करत जा. खाली येऊ नकोस."

"का पण?"

"कपडे खराब होतात."

ते माझ्याशी असं कधी बोलले नाहीत. मला वाटतं, मी कार्यालयात बसते आणि ते खाली, हे त्यांना आता बोचायला लागलंय. पदवीधर म्हणणंही बंद झालंय. शिकून आपण आपल्याच माणसांपासून लांब जातो असं म्हणतात, ते असं होत असेल का?

बुधवार, ३० ऑक्टोबर

तपासणीची तारीख आली: मंगळवार, १२ नोव्हेंबर. मी दीड महिन्याचे तक्ते शिवून त्याला निळं वेष्टण घातलं. प्रत्येक पानाखाली बाबांची आणि शिट्टीकाकांची सही. बाबा सही करताना पान वाचत नाहीत. पूर्वी जाडीतली ओळन् ओळ वाचायचे.

शिट्टीकाका सही करून म्हणाले, "बाईसाहेब, एक विचारू? निरीक्षक येऊन या पेटीकडे बघणार की बॉयलरकडे?"

"दोन्हीकडे."

"मग ठीक." शिट्टी मात्र घातली नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

आजचं क्रमाने लिहिते.

अकराचा आकडा आला नाही. फोन केला, उचलला नाही. सव्वाअकराला मी खाली गेले. दार उघडं होतं. बाबा बॉयलरच्या मागे खाली बसून झडप फिरवत होते, तळाचं गढूळ पाणी सोडत होते. त्या आवाजात त्यांना मी आल्याचं कळलं नाही. मला वाटलं, त्यांचे हात गुंतलेत, आपणच टाकावा आकडा.

काट्याकडे बघितलं. ३१८.

मी जवळ गेले. काच पुसली. ३१८.

टाकलं. 'चूक. पुन्हा टाका.' बोट चुकलं असेल म्हणून एकेक आकडा बघत टाकलं, तीन, एक, आठ. 'चूक. पुन्हा टाका.' तिसऱ्यांदा टाकलं. तीच ओळ, मी लिहिलेली. न चिडता, न दमता. खोलीत श्वास घ्यायला हवा नव्हती आणि मागून बॉयलरचा एक बारीक, कोरडा आवाज येत होता. तो बरा नव्हता. मला बॉयलरचं काही कळत नाही, पण तो आवाज बरा नव्हता.

मग माझ्या बोटाने २५० टाकलं. मी ठरवलं नव्हतं. पुढे जायचं होतं, एवढंच.

'धन्यवाद.'

मी मागे वळले तर बाबा उभे होते. कोपरापर्यंत ओले.

"खाली येऊ नको म्हटलं होतं."

"बाबा, तीनशे अठरा."

"माहीत आहे."

"मला सांगितलंत का नाही?"

"विचारलं होतं. तू म्हणालीस, टाकणाऱ्याची चूक." ते रागाने बोलत नव्हते, तेच वाईट. "मग डोळे तपासले. मग वाटलं काटा बिघडला. शहाणीसुरती मुलगी, एवढं शिकून केलेलं यंत्र. ते चुकतंय म्हणण्याआधी माणूस आधी स्वतःकडे बघतो."

"पण तुम्हीच म्हणालात, अडीचशेच्या वर म्हणजे चुकलं."

"बॉयलरचं चुकलं, बाळ. लिहिणाऱ्याचं नाही."

त्यांनी टेबलाखालून, प्लास्टिकच्या टोपीच्या घडीतून, जाडी काढली. एक तासही रिकामा नव्हता. १७ सप्टेंबरपासून खरे आकडे पेन्सिलने, आणि शेवटी शेरा. मी इथे उतरवते, म्हणजे विसरणार नाही.

२७ सप्टें.: काटा २५३. यंत्र घेत नाही. २५० टाकला.
७ ऑक्टो.: डोळे बरे आहेत.
१० ऑक्टो.: २७१. साहेबांना सांगितलं. कागद बघा म्हणाले.
२१ ऑक्टो.: सफाई रद्द. २८४. आच कमी केली.
२४ ऑक्टो.: इस्त्री हलवली.
२ नोव्हें.: ३०५. नळीचा आवाज. लक्ष ठेवा.
४ नोव्हें.: मुलीची जागा कायम होऊ दे. मग सांगू.

शेवटचा शेरा मी बघितला तेव्हा त्यांनी त्यावर अंगठा ठेवला. काजळी पसरली.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

सकाळी सगळ्यात आधी ती हद्द काढून टाकली. दहापर्यंत चार खरे आकडे आले: ३१६, ३१९, ३१९, ३२१. छापून साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. चूक माझी आहे, आज बॉयलर थंड करा, असं म्हणाले.

साहेबांनी दार लावून घेतलं. ते ओरडले नाहीत.

"जुना प्रोग्राम परत टाका."

"त्यात खरं टाकता येत नाही."

"दोन महिने येत होतं की." मग निळं वेष्टण पुढे ओढलं. "प्रोग्राम तुमचा. सह्या तुमच्या वडिलांच्या. यातला शब्द खोटा ठरला तर परवाना कोणाचा जाईल? माझं काय, मी नुसता कागद वाचणारा. मंगळवारी तपासणी होऊ द्या, बुधवारी मी स्वतः बंद करतो, शब्द देतो. आज बंद केलं तर शनिवारी रुग्णालयांना काय सांगू, चादरींऐवजी तुमचा प्रोग्राम अंथरा?"

"आणि तोपर्यंत नळी फुटली तर?"

"बावीस वर्षांत काही झालंय?"

आणि मी खाली जाऊन जुना प्रोग्राम परत टाकला. हे मला लिहायलाच हवं. मी वाद घातला, मान खाली घातली, आणि टाकला. टाकताना वाटलं, साहेब मला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होते आणि मी त्यांना हवं ते उत्तर देऊन सुटले.

घरी बाबा म्हणाले, "पाच दिवस आहेत. आच कमी ठेवतो, पाणी सोडत राहतो. सांभाळतो मी."

"नक्की?"

त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

"बाबा, नक्की सांभाळाल?"

"इस्त्रीवाल्या आता त्या बाजूला आहेत," ते म्हणाले. "शिट्टीलाही सांगितलंय, आकडे मी येऊन बघत जाईन, तू दारापाशी बस."

म्हणजे आत कोण राहणार ते त्यांनी ठरवलेलं आहे. आई ताटं उचलत होती. ती थांबली नाही, पण भांडी एकदम जोरात वाजली.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

हे बॉयलर निरीक्षकांच्या कचेरीतल्या बाकावर बसून लिहिते आहे. दहा वाजून पाच मिनिटं झालीत.

पॅनेलच्या दोन किल्ल्या आहेत. कार्यालयाच्या कपाटातली माझ्या ताब्यात असते, ती काल संध्याकाळी निघताना पर्समध्ये टाकली, निळं वेष्टणही घेतलं. दुसरी काल रात्री नेहमीसारखी खिळ्याला लागली, शिट्टी झाली, आणि मी दार उघडून ती काढून घेतली. शिट्टीकाका अजून पायरीवरच होते. माझ्या हातातल्या किल्लीकडे त्यांनी बघितलं. "बाईसाहेब, मी काही पाहिलं नाही हं," म्हणाले, आणि दोन पावलं जाऊन परत वळले. "नाही, पाहिलं. कोणी विचारलं तर पाहिलं म्हणून सांगीन. दोन महिने २२० टाकतोय, कंटाळा आला."

पहाटे साडेपाचला बाबा बूट घालून दाराशी आले. खिळा रिकामा.

"किल्ली कुठे आहे?"

"माझ्याकडे."

"चेष्टा नको, उशीर होतोय. किल्ली कुठे आहे?"

"माझ्याकडे, बाबा."

त्यांनी हात पुढे केला. तो हात मी पहिल्या दिवशी कळफलकावर बघितला होता तसाच होता, स्वच्छ धुतलेला. "तुझी नोकरी जाईल," ते म्हणाले. "माझा परवाना जाईल. किल्ली कुठे आहे?"

"माझ्याकडे."

चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. उंबऱ्यावर बसले, हळूहळू बुटाचे बंद सोडले. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तोंडावर हात घेऊन बसून राहिले. त्यांचे खांदे हलत होते. आई त्यांच्याशेजारी जाऊन बसली. मला म्हणाली, "तू जा. उजाडलंय."

जाडी, निळं वेष्टण आणि प्रोग्रामची चार ओळींची प्रत मी इथल्या कारकुनाकडे दिली आहे, वर सहीचं निवेदन: हद्द मी घातली, खरा आकडा टाकायला जागा मी ठेवली नाही, कळूनही काल, गुरुवारी, ती परत घातली. कारकून म्हणाला, निरीक्षकसाहेब मंगळवारी तुमच्याकडे येणारच आहेत, तेव्हाच दिलं तरी चालेल. मी म्हणाले, नाही चालणार. त्याने दोनदा सांगितलं. मी दोनदा तेच म्हणाले. आता निरीक्षक आतल्या खोलीत जाडी वाचताहेत. पानं उलटल्याचा आवाज येतो. मधेच बराच वेळ येत नाही.

परवाना राहील की जाईल ते मला माहीत नाही. साहेबांनी घरी माणूस पाठवला असेल. कारखान्यात इस्त्रीवाल्या थंड टेबलांपाशी उभ्या असतील आणि मावशी माझ्या नावाने बोटं मोडत असेल.

सकाळी सहाला बॉयलरच्या खोलीत जाऊन जाडी उचलली, तेव्हाच काटे बघून तिच्यात आजची ओळ भरली. बाबांच्या पेन्सिलीने नाही, पेनने.

वेळ सहा. दाब शून्य. धुराडं थंड.

शेरा: बॉयलर पेटवला नाही. किल्ली माझ्याकडे आहे.